अजून आहे

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
तोंडावरची माती खरवडायची, फरशी सरकवायची,
मग दोन-चार तास लांब बसून तंबाखू मळायची.
आत कोंडलेली हवा असते, ती माणूस ठेवत नाही.
माझा बाप, तुका ऐवळे, हरिपूरच्या पेवांवरचा हमाल,
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर उतरायचं नाही.
जळत राहिला तर कमरेला दोरी, आणि कुणाचं तरी नाव घ्यायचं.

भूपाल मगदूम, हळदीच्या पेढीतले धाकटे,
तेवढा वेळ पेवाकडं पाठ करून उभे राहत.
आम्ही पोरं म्हणायचो, अण्णा भितात.
विमान चालवलंय म्हणे ह्यांनी,
आणि वीस फुटांच्या खड्ड्याला भितात.
बापानं एकदा कानाखाली दिली.
"त्येनी आभाळातनं पडल्यात," म्हणाला,
"तू कट्ट्यावरनं तरी पडलायस का?"

पडले ते एकाहत्तरच्या डिसेंबरात,
सीमेपलीकडच्या उसाच्या फडात.
कृष्णाकाठच्या माणसाला पाचट बोचलं
आणि क्षणभर वाटलं, घरीच उतरलो.
मग लोक कोयते घेऊन आले.

वर्षानं सुटून आले, ते इंचभर बुटके होऊन.
विमानातून बाहेर फेकलं जाताना मणके दबतात.
आईनं दाराच्या चौकटीवर केलेली पेन्सिलीची खूण
डोक्याच्या वरच राहिली.
कागदावर शिक्का बसला: उड्डाणास अपात्र.
कैदेबद्दल कुणी विचारलं
तर ते हळदीचा भाव सांगायचे.

एकदाच बोलले. आई गेली त्या वर्षी, तराजूपाशी:
"पहिला महिना एकट्याची कोठडी. खिडकी नाही.
बल्ब होता, तो विझायचाच नाही.
ताट यायचं, दिवसाचं का रात्रीचं कोण जाणे.
आईची शिकवण होती, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही.
मेसमध्ये ते कधीच सुटलेलं,
तिथं मात्र नेमकं तेवढंच आठवलं.
पहारेकऱ्याला विचारायचो, सूरज डूब गया?
म्हणायचा, नहीं साब, अभी है.
रोज तेच.
भिंत गारठलेली, बाहेर कोल्हेकुई,
आणि हा म्हणतोय, अभी है.
मी जेवायचो."
एवढं बोलून अण्णांनी पारड्यातलं
एक हळकुंड काढून ठेवलं.
वजन तर बरोबर होतं.

पाच सालच्या पुरात पेवं बुडाली.
हळद आतल्या आत उकडल्यासारखी कुजली,
त्या वासात आम्ही तीन घरची माणसं
मगदुमांच्या गच्चीवर, पाचवा दिवस.
अण्णा अचानक उठले. "येतंय," म्हणाले.
आम्हाला फक्त पाणी ऐकू येत होतं.
काठीला धोतर बांधायला लावलं,
वरच्याला वारा कुठला ते दिसावं म्हणून.
बऱ्याच वेळानं हेलिकॉप्टर दिसलं.
बायका पदर हलवत होत्या, पोरं नाचत होती,
अण्णांचे हात मांडीशी चिकटलेले,
नजर पंख्यावर, ओठ काहीतरी मोजत असल्यासारखे.

पाकिटं पडली तेव्हा अंधारलं होतं.
तसा सूर्य पाच दिवस कुणी पाहिलाच नव्हता.
पाकीट हातात धरून ते उभे राहिले.
विचारलं काही नाही. माझ्याकडं बघितलं फक्त.

माझा बाप कंदील सोडून खाली बघायचा
तसं मी पश्चिमेकडं बघितलं,
जिथं कुठली वारणा, कुठली कृष्णा, कळत नव्हतं.
"अण्णा," म्हटलं, "हाय अजून."

"तुका ऐवळ्याचा ना तू?" म्हणाले.
मग बसले, गाठ सोडली,
पाच पुऱ्या खाल्ल्या, लोणचं चाटून-पुसून.
बटाट्याची भाजी तेवढी माझ्याकडं सरकवली.
"आता एवढं तरी पाळू दे."